सुकवणीची घंटा

पहाटे पावणेपाच वाजता केनियातल्या केरिचोच्या चहा कारखान्यात तापसाबेई जाळीवर पसरलेली पानं चाचपत होती. सुकवणी विभागाची ती मुकादम. तिच्याच हट्टामुळे यंदा गळकं छप्पर दुरुस्त झालं, सगळ्यांना नवे गमबूट मिळाले आणि कुरकुर थांबली. तरीही तिचा सर्वांत चांगला कामगार किपलांगात हे काम सोडून शेजारच्या कारखान्यात निघाला होता.

"आता काय खुपतंय रे? जेवणात मक्याच्या उगालीबरोबर दूधसुद्धा मिळतं की!"

"खुपत काहीच नाही, मावशी. पण पानं उलटण्यापलीकडे मी करतो काय? ते तुमची बकरीही करेल."

"माझी बकरी पानं खाईल, मेल्या!"

ती हसली. पानं मुठीत दाबून सुकली का ते ठरवायचं आणि घंटा वाजवायची, की यंत्रं सुरू होत. हे काम तिनं कधीच कुणाला दिलं नव्हतं. तिनं घंटेची दोरी त्याच्या हातात दिली.

"चुकलास तर बोलणी दोघांना."

त्यानं पानं दाबली, हुंगली, पुन्हा दाबली. "अजून थोडं थांबू."

तिच्या मते पानं तयार होती, पण ती थांबली.

उद्या पहाटपाळीची घंटा किपलांगात वाजवणार आहे. तापसाबेई घंटा होऊन गेल्यावर, सातला येणार आहे.