पडलेल्या घराची साक्षांकित प्रत

आज माझ्या तोंडामुळं एका पोराचं वर्ष गेलं बहुतेक. शिव्या द्या, पण आधी वाचा.

विद्यापीठाच्या गेटसमोर झेरॉक्सच्या दुकानात मी काम करतो. कॉलेज अर्ध्यात सोडलं, पण पल्लवी अजून तिथं शिकते, म्हणून दुसरीकडं काम शोधलंच नाय. सकाळी ती तिच्या वर्गातल्या इद्रिसला घेऊन आली. तो सुदानचा. तिकडं युद्धात त्याचं घर पडलं. महिना झाला, आईचा फोन लागत नाय. त्यात हजेरी बुडाली. परीक्षेला बसायचं तर हजेरी माफीच्या अर्जाला पुरावा जोडायचा, आणि आज शेवटचा दिवस. त्याच्या मोबाइलमधला पडक्या घराचा फोटो मी छापून दिला आणि सोबत विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गेलो.

खिडकीतले बाबू म्हणाले, "साक्षांकित करून आणा. मूळ प्रत दाखवावी लागंल."

"मूळ प्रत म्हणजे ते घरच की. उचलून आणू का इथं?" मी म्हणालो. पल्लवी बघत होती, म्हणून आवाज लईच चढला.

"तू स्टुडंट हाय का इथला?"

बाबूंनी अर्ज परत सरकवला आणि खिडकी लावून घेतली.

इद्रिस बंद खिडकीपुढं माझ्या वतीनं माफी मागत राहिला. मग मला हळूच म्हणाला, "भाई, तू जा. मेरेकू तो यहींच रहना है."

पल्लवी काही बोलली नाय. नुसती त्याच्या शेजारी उभी राहिली.

पाच वाजले तरी खिडकी उघडली नाय.

घर गेलेल्या माणसाजवळ गप उभं कसं राहायचं, कुणाला जमत असंल तर सांगा. त्याची तारीख तर गेलीच.