इंग्रजीतला ‘तो’ कोण?

कचेरीतले किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. इंग्रजांच्या वेळी मी नंदुरबारच्या जंगल कचेरीत कारकून होतो. साहेबांच्या इंग्रजी हुकुमाचं मराठी करणं हे माझं काम. शब्द सगळे यायचे. ‘तो’ म्हणजे कोण, एवढंच अडायचं.

एकदा हुकूम आला : रेंजरने डॉक्टरला कळवलं आहे की त्याला ताप आहे, त्याला क्विनाईन पाठवा. मी डॉक्टरला पाठवलं. ते परत आलं, सोबत चिठ्ठी : “माझ्याकडे पोतंभर आहे.”

तेव्हापासून अडलं की रहीमचाचाला विचारायचं, असा कचेरीचा रिवाज पडला. चाचा आमचा जुना शिपाई. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण तालुक्यातला माणूस न् माणूस माहीत.

*

दुसऱ्या हुकुमात अडलं ते असं : चिंचपाड्याच्या रस्त्यावर गाडी वडावर आदळून पडली, की वड पडला? इंग्रजीत दोघांना एकच सर्वनाम. जे पडलं ते डेपोत आणायचं होतं. चाचा म्हणाले, “तो वड हत्तीकडतीन बी पडाव नही. गाडी लयी या.”

*

मग होळीच्या तोंडावर तो हुकूम आला. गार्डने डोंगऱ्याला मारलं, कारण तो प्यायलेला होता. त्याला जंगलातून काढावं.

डोंगऱ्या पाड्यावरचा शेतकरी. मी त्यालाच जमीन सोडायची नोटीस लिहिली आणि सहीला ठेवली. सहज चाचांना सांगितलं.

“डोंगऱ्या यंदा होळीना बावा शे,” चाचा म्हणाले. बावा म्हणजे होळीत नवसाने सोंग घेऊन नाचणारा. “पालनी धरेल शे. खाटवर झोपस नही, दारूले हात लावस नही. पेयेल व्हता तो गार्ड.”

एका माणसाचं घर मी जवळजवळ उठवलं होतं. नोटीस फाडली, साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चौकशी केली आणि गार्डची बदली झाली.

*

होळी झाल्यावर डोंगऱ्या चाचांसाठी मोहाची बाटली घेऊन आला. चाचा पाच वेळचे नमाजी. नको म्हणावं तर त्याचं मन मोडतं. त्यांनी ती अदबीने घेतली आणि मुद्देमालासारखी साहेबांच्या टेबलावर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी बंगल्यावरून इंग्रजीत चिठ्ठी आली : साहेबांनी खानसाम्याला सांगितलं आहे की त्याचं डोकं फुटतंय, आज त्याला कुणी उठवू नये.

हेडक्लार्कनी सवयीने चाचांना हाक मारली. चाचा आले. साहेबांच्या टेबलाकडे त्यांनी एकदा पाहिलं.

बाटली तिथे नव्हती.