वेशीच्या अंदरची

आधीच सांगून ठेवते, भूतखेत, अंगात येणं, करणी... यातलं काही मी मानत नाही. छप्पन साली आमच्या अख्ख्या घराने दीक्षा घेतली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आणि देव्हाऱ्यासोबत या गोष्टीही घराबाहेर गेल्या. माझे मिस्टर तर याबाबतीत माझ्याहून कडक. ते होते तोवर हे लिहायची माझी हिंमत झाली नाही. टाइप माझी लेक सुमन करतेय, जिची ही हकिकत आहे. मधेमधे हसतेय. हसू दे.

साल एकसष्ट असावं. मिस्टर प्राथमिक शिक्षक. घाटंजीहून यवतमाळला ट्रान्सफर झाली आणि लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. मोहल्ल्याचं नाव नवी वस्ती. नवी कसली... मातीच्या भिंती हातभर रुंद! नगरपालिकेच्या नळाजवळ दोन मोठे घडीव दगड समोरासमोर उभे होते. बायका त्यांच्यावर घागरी टेकवायच्या. ते दगड कशाचे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण सगळे आमच्यासारखेच बाहेरून आलेले भाडेकरू. त्या दगडांमधून आत गेलं की डाव्या हाताचं चौथं घर आमचं.

सुमी तेव्हा साडेतीन वर्षांची. सकाळी मी नळाच्या रांगेत उभी असायची आणि ती दगडापाशी एकटीच बडबडत बसायची. लेकरं बडबडतातच, मी कशाला लक्ष देते! शहर नवीन म्हणून मी तिच्याकडून पत्ता मात्र घोकून घेत होते – "नवी वस्ती, गुरुजींचं घर." ते काही तिच्या तोंडी बसेना. शेवटी मी नाद सोडला.

एका रविवारी बाजारात मी तिचा हात सोडला. तुरीची डाळ बघत होते, एवढंच. वळले तर सुमी नाही.

बाजाराच्या चार फेऱ्या मारल्या. ओरडून ओरडून घसा बसला. बाजूलाच मोटारींचा स्टँड, एकेक गाडी भरून निघत होती, आणि प्रत्येक गाडीत मला तीच दिसत होती. चौकीवरच्या शिपायाने विचारलं, "पत्ता सांगता येते का पोरीले?"

"नवी वस्ती."

"कोनती? या शहरात तीन हायेत."

मी शिकवलेला पत्ता, आणि तोही बिनकामाचा.

दुपारी तीनच्या सुमारास रिकाम्या हाताने घरी निघाले, मिस्टरांना काय तोंड दाखवू या विचारात. दारात टांगा उभा. टांग्यात सुमी, मांडीवर मुरमुऱ्यांचा पुडा. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. तोवर रडली नव्हती म्हणे.

टांगेवाले रहीमचाचा, पन्नाशी उलटलेले. मिस्टर त्यांना पाणी देत होते.

"पोरगी अड्ड्यावर माह्या घोड्याजोळ उभी होती," चाचा म्हणाले. "गाव पुसलं तं पटकन सांगते, 'बोरखेडीची, वेशीच्या अंदरची, चवथं घर.' बाई, हे नाव म्या किती वर्सात कोनाच्या तोंडून ऐकलं नाही."

बोरखेडी हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. चाचांचा जन्म तिथला, म्हणजे इथलाच. यवतमाळपासून निराळं गाव होतं ते. त्याचा स्वतःचा पाटील, स्वतःचा बाजार, आणि नळाजवळचे ते दोन दगड म्हणजे त्याची वेस. शहर सरकत सरकत आलं, बाजार मोडला, जुनी माणसं पांगली, आणि नगरपालिकेने पत्र्याची पाटी ठोकली – नवी वस्ती.

"तुले हे कोनं शिकवलं?" मी सुमीला विचारलं.

"नळावरच्या आजीनं. तिची काठी खुळखुळ वाजते."

चाचा ओट्यावर बसले. "वेसकरीन," ते म्हणाले. "घुंगराची काठी घेऊन वेशीवर बसे. ढोरं घरी आले का लेकरं मोजे. आमाले सगळ्याइले तिनंच पढवलं – हरपले तं गाव सांगजा, अन् अंदरचे का बाहेरचे ते सांगजा. अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत गेली ते. मी तवा एवढासाक होतो."

"नाव काय तिचं?"

"नाव कोन पुसते बाई? वेसकरीनच म्हनत."

मग जरा अडखळत त्यांनी विचारलं, "गुरुजी, तुमी लोक कोन?"

"बौद्ध," मिस्टर म्हणाले.

चाचांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मंग चुकली बुढी. वेसकर तं तुमच्यातलेच ना. घर वेशीच्या बाहेर. सोताच्या लेकराइलेबी ते 'बाहेरचा' म्हनायले शिकवे. तुमच्या पोरीले अंदरची काहून सांगतलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुमीला दगडापाशी नेलं. तिथे कुणी नव्हतं. "आता नाही येनार म्हनाली," सुमी म्हणाली. "पाठ झालं ना मले."

मिस्टर म्हणाले, कुणीतरी जुनी बाई असेल, याच्यामागे काहीतरी लॉजिक असणारच. आठवडाभर ते स्वतः घरोघर विचारत फिरले. बोरखेडी हे नाव ठाऊक असलेलं एकही माणूस निघालं नाही. मी रोज संध्याकाळी दगडापाशी तांब्याभर पाणी ठेवायला लागले. मिस्टरांनी विचारलं तर मी सांगायचे, शेजारच्या निंबाला घालते. एकदा मी तापाने पडले होते. ते बाहेरून आले, रिकामा तांब्या मोरीत ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "निंबाला पाणी घातलं."

हे कसं घडलं ते मला सांगता येत नाही. मानत तर मी अजूनही काही नाही. पण त्या बिननावाच्या बाईचे उपकार मानते, रोज मानते. जन्मभर तिने गावाची लेकरं मोजली, आतली कोण आणि बाहेरची कोण हे एकदाही न विसरता. ती माझ्याच लेकीच्या वेळी चुकली, असं चाचा म्हणत. मला नाही वाटत ती चुकली.

सुमनचे हात थांबलेत. आता हसत नाहीये ती.