बलूनमधून दिसलेला मामाचा बांध

आज सूर्योदयाला मामाबरोबर हॉट एअर बलूनमध्ये बसलो. उतरून तास झाला, तरी पाय अजून हलके वाटतायत.

मी पुण्याहून मामाकडे कागलला आलोय. जवळच्या माळावर बलून उडवतात हे कळलं आणि मामाला ओढूनच नेलं. म्हशींच्या धारा काढून तो थेट आला. बलूनला स्टिअरिंग नसतं, वारा नेईल तिकडं जायचं, हे ऐकून पायलटला म्हणाला, "म्हंजे आमच्या रेड्यागतच की."

वाऱ्यानं आम्हाला नेमकं मामाच्या उसावर नेलं.

मामा आणि शेजारच्या रानाचा मालक, त्याचा चुलतभाऊ आबा, एकमेकांशी बोलत नाहीत. आबानं मधला बांध कोरून जमीन खाल्ली, हे मी लहानपणापासून ऐकतोय.

वरून तो बांध स्वच्छ दिसत होता. ओढ्यापासून सरळ आलेला आणि मधेच आबाच्या रानात घुसलेला.

मी विचारलं, "मामा, हा तिकडं कसा सरकलाय?"

मामानं टोपलीच्या कडेवरून वाकून खाली बघितलं. मग म्हणाला, "ट्रॅक्टरवर बसल्यावर सरळच वाटतंय की रं."

उतरल्यावर त्यानं गाडी घरी न्यायच्या ऐवजी आबाच्या दारात लावायला सांगितली. दोघं आत आहेत. मी गाडीत बसून हे लिहितोय. आतलं काही ऐकू येत नाही, पण आत्ताच आबाची बायको माझ्यासाठीही चहा देऊन गेली.

एक प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. इतकी वर्षं मामाला खरंच माहीत नव्हतं? तुम्हाला काय वाटतं?