वेचणीचं गाणं इंदुरात

पांढुर्ण्याच्या स्टेशनावर मला सोडायला माय आली होती. सौंसरवरून सकाळची पहिली बस धरून आम्ही दोघी आलो होतो. माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी अन् कापडी पिशवीत भाकरी. इटारसीकडे जाणारी पॅसेंजर यायला वेळ होता. माय फलाटावर उकिडवी बसून रुळांकडे पाहत होती. गाडी दिसली तशी उठली अन् म्हणाली, "वच्छला, आत्याबाईच्या घरी नीट राहजो. अन् एक सांगतो, तिकडे गाऊ नोको. तोंड बंद ठेवजो अन् काम करजो."

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती. मी एकोणीस वर्षांची, आठवी पास. माय मला गाऊ नको म्हणाली, हे ज्यांनी मायला ओळखलं असेल त्यांना खरं वाटणार नाही. कारण आमच्या रामाकोन्याच्या आसपासच्या शिवारात गिरजाबाई म्हणजे गाणं असंच सारे म्हणत. कापूस वेचायला बायांची रांग लागली की पहिली ओळ मायची. दुसरी ओळ साऱ्यांची. कंबरेला ओटी बांधलेली, हात पऱ्हाटीवर, अन् तोंडात गाणं. ती ओळी तिथंच जोडायची:

पांढरं शिवार बाई, चांदीवानी दिसे
वेचनाऱ्या हाताले काटा काऊन डसे

यावर मालकही हसायचा. गाण्यानं हात चालतात, हे त्याला कळत होतं. पण त्या वर्षीच्या वेचणीत मायनं दुसरी एक ओळ जोडली. आम्ही बौद्ध. शेतातल्या विहिरीवर आम्हाला चढू देत नसत. तहान लागली की खाली बसून ओंजळ धरायची, अन् मालकाचा गडी वरून पाणी ओतायचा. ती विहीर माझ्या आज्यानं, म्हणजे मायच्या सासऱ्यानं, मजुरीनं खणलेली. माय गायली:

इहीर खंदली सासऱ्यानं, पानी लागलं गार
सुनेच्या ओंजळीत पडे वरूनच धार

बायांचे हात थांबले. मग कौसाबाईनं, आमच्या शेजारणीनं, ओळ उचलली अन् सारी रांग गायली. बांधावर मालकाचा दिवाणजी उभा होता. त्यानं सारं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बोलवायला आलेली बाई आमच्या दारावरून सरळ पुढे गेली. तिसऱ्या दिवशीही. आजूबाजूच्या शेतांतही मायला काम मिळेना. ती दोन-दोन गावं ओलांडून संत्रा तोडायला जाऊ लागली. बाबांना दम्यामुळे जड काम होत नव्हतं, भाऊ लहान. तेव्हा इंदूरच्या आत्यानं कळवलं की इथं सिलाईच्या कारखान्यात पोरींना काम आहे, वच्छलाला पाठवा.

तर मी गेले, अन् दोन वर्षं मायचं ऐकलं.

कारखाना म्हणजे एका जुन्या इमारतीचा वरचा मजला. आम्ही लहान मुलांचे फ्रॉक अन् शर्ट शिवायचो. तिथं मी 'टाँका', 'कालर', 'शिफ्ट' हे शब्द शिकले, गावाकडचं 'करून राहिली' म्हटलं की पोरी हसतात हेही शिकले. कामाची सवय झाली, एका गोष्टीची झाली नाही. सकाळी आम्ही आत गेलो की बाबू, म्हणजे मालकाचा कारकून, बाहेरून ताला लावायचा. संडास खाली अंगणात. जेवणाच्या सुट्टीआधी जायचं तर दार ठोकायचं अन् बाबूची वाट पाहायची. पोरी पाणीच पीत नसत. मी मशीनवर ओठांतल्या ओठांत गुणगुणायचे. मशीनच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार, असं मला वाटे.

एका उन्हाळ्यात सुनीता नावाची आमची सोबतीण, सातवा महिना चालू असलेली, मशीनवरून खाली पडली. आम्ही दार बडवलं. बाबू चहाला गेला होता. तो येईस्तोवर आम्ही तिला पदरांनी वारा घालत बसलो. ती वाचली, लेकरूही वाचलं, पण ती पुन्हा कामावर आली नाही. दुसऱ्या दिवशी शांती जीजी, आमच्यातली सगळ्यात जुनी कामगार, कारखान्याच्या फाटकासमोर खाली बसली. म्हणाली, "ताला हटेगा, तब ऊपर जाएँगे." आम्ही साऱ्या तिच्याजवळ बसलो. मीही बसले.

एका मिलच्या युनियनचे काका येऊन नारे शिकवून गेले. दोन दिवस नारे चालले. तिसऱ्या दिवशी ऊन तापलं, घसे बसले, घरून नवरे-सासवा बोलवायला येऊ लागल्या. दोघी-तिघी उठल्याही. तेव्हा जीजी माझ्याकडे वळली. "वच्छला, मशीन पर तू क्या गुनगुनाती है रोज? वही गा."

म्हणजे तिला ऐकू येत होतं.

मला मायचा स्टेशनावरचा चेहरा दिसला. तरी मी गायले. विहिरीची ओळ पूर्ण गायले अन् हिंदीत अर्थ सांगितला. जीजीनं त्याच चालीवर आपली ओळ बसवली:

सुई हमारी, धागा हमारा, हाथ चलें दिन-रात
ताले की चाबी, बाबूजी, क्यों तुम्हरे ही हाथ

उठलेल्या बाया परत बसल्या. आठवडा गेला अन् ताला निघाला. पण जीजीला अन् मला कामावर परत घेतलं नाही.

मी गावी काहीच कळवलं नाही. आत्यानं कळवलं. अन् एक दिवस माय स्वतःच इंदुरात आली, जन्मात पहिल्यांदा एवढा लांबचा प्रवास करून. दारातच म्हणाली, "गाऊ नोको म्हटलं होतं ना तुले?" मी मान खाली घातली. तिनं हातपाय धुतले, जेवली, अन् मग हळूच विचारलं, "कोनतं गायली?"

मी सांगितलं. संध्याकाळी जीजी आली, तिनं आपली ओळ गाऊन दाखवली. मायनं डोळे मिटून ऐकलं. "चाल माहीच आहे, माह्या गाण्याची. पन इहीर कुठं गेली?"

"माय, इथं इहीर नाही. इथं ताला होता."

"मंग ताला बराबर आहे," ती म्हणाली.

मग तिनं गावची खबर सांगितली. यंदा वेचणीला तिला बोलावलं होतं. ती नसतानाही कौसाबाईनं ती ओळ सोडली नव्हती. "साऱ्याच गाऊन राहिल्या. कोनाकोनाले काढन मालक? आता पान्याचं मडकं बांधावर ठेवते, आपल्या हातानं घ्याचं. पन आपला पेला येगळाच आहे अजून." शेवटचं वाक्य ती रागानं बोलली नाही. काम अजून बाकी आहे, असं सांगावं तसं बोलली.

पुढं जीजीनं अन् मी मिळून सिलाईचा क्लास काढला. माझं लग्न इंदुरातच झालं. पोरं हिंदीत भांडतात, मराठीत फक्त आजीबद्दल बोलतात. माय आता नाही. गावाहून निघून सुरत, नागपूर, भोपाळला गेलेल्या माझ्यासारख्या बाया भेटल्या की आम्ही दोन मिनिटांत 'काऊन' अन् 'मले'वर येतो. घर कुठलं, असं कोणी विचारलं की मी वर्षानुवर्षं अडखळत आले.

मागच्या हंगामात सौंसरला गेले होते. भावाची पोर मंदा संत्र्याच्या पॅकिंगवर काम करते. मी तिला भेटायला तिथं गेले. बाया संत्री निवडत होत्या. माझी इंदुरी साडी अन् चष्मा पाहून एका म्हातारीनं मंदाला विचारलं, "कोन व्हय वो ह्या पाव्हण्या?"

मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात मंदा हातातलं संत्रं न सोडता म्हणाली, "पाव्हण्या कायच्या? आपल्याच गावच्या आहेत. कामाले इंदुरात गेल्या आहेत."

म्हातारीनं मान हलवली, सरकून मला जागा केली, अन् संत्र्यांचं एक टोपलं माझ्यापुढं ओढलं.