मायच्या सुया आणि बाबांची सही

मायच्या डाव्या छातीतली गाठ नागपूरच्या डॉक्टरांनी एकदा कापून काढली होती. वर्षाच्या आत ती काखेत पुन्हा आली. मी तेव्हा आमगावला मुलींच्या शाळेत शिकवत होते. रजा काढली आणि बाबांबरोबर मायला घेऊन पॅसेंजरनं नागपूरला गेले.

मोठे डॉक्टर वॉर्डात आले, काख दाबून पाहिली आणि बाबांना खुणेनं बाहेर बोलावलं. बाबा परत आले ते हसरा चेहरा करून.

"ताकतीची सुई देनार हायेत. विलायती."

"बरं," माय म्हणाली.

दुपारी तिच्या खाटेला अडकवलेला कागद मी वाचला. इंग्रजीत होता. औषध नवं होतं, ते कितपत लागू पडतं हे अजून पाहायचं होतं. गुण येईल अशी खात्री नव्हती आणि अपाय झाला तर जबाबदारी इस्पितळाची नव्हती. खाली बाबांची सही. बाबांना इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं.

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी तिथंच मायला सगळं वाचून सांगितलं. बाबांनी माझा दंड धरला.

"तिले कायले सांगून राहिली? भिऊन मरन ते!"

"तिच्याच अंगात टोचणार आहेत ना, बाबा?"

"मोठी मास्तरीन झाली!"

माय दोघांकडं पाहत होती. मग म्हणाली, "भांडू नोका. डाक्टरले बलवा."

डॉक्टर दुसऱ्या दिवशी फेरीला आले. मायनं पदर सावरला, बाबांकडं बोट केलं आणि विचारलं, "साहेब, सुई माह्या आंगात, अन् सही यायची कायले?"

"तुम्हाला नाही समजायचं, बाई."

"गाठ माह्यी हाय, थे समजते. सांगून तं पाहा."

आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या होत्या. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, आणि मग, हे मात्र मी कबूल करते, स्टूल ओढून बसले. गाठ आता कापता येणार नाही, म्हणाले. हे औषध आधी थोड्या बायकांना दिलंय. काहींची गाठ बारीक झाली. एक बाई गेली. औषधानं की रोगानं, सांगता येत नाही. घेतलं नाही तर विजेचा, म्हणजे क्ष-किरणांचा, शेक देऊ, त्यानं दुखणं थोडं कमी होईल.

एवढंच. पाच मिनिटांचं बोलणं. या पाच मिनिटांसाठी एका आजारी बाईला भांडावं लागलं, याचा राग मला आजही येतो.

माय रात्रभर विचार करते म्हणाली. सकाळी तिनं मला विचारलं, "तू काय म्हनतेस, बाई?"

मला 'नको घेऊस' म्हणायचं होतं. पण गाठ बारीक झालेल्या बायका माझ्याही डोक्यातून जात नव्हत्या. मी म्हटलं, "मला सांगता येत नाही, माय." एवढी तोंड वाजवणारी मी, नेमकी तेव्हाच कच खाल्ली.

"घेतो मी," ती म्हणाली. "पन नाही सोसलं तं बंद करीन. कोनाले विचारनार नाही." आणि बाबांच्या सहीशेजारी तिनं आपला अंगठा उठवला.

तिसऱ्या सुईनंतर तिचं तोंड आतून सोलून निघालं. पेजेचा घोट घेतला की डोळ्यांतून पाणी यायचं. त्यानंतर चौथ्या दिवशी तिनं डॉक्टरांना सांगितलं, "पुरे."

"मधेच सोडता? मग आमच्या नोंदीचा उपयोग काय?"

आदल्या आठवड्यात स्टुलावर बसलेला हाच माणूस होता. माय गाठोडं बांधायला लागली. मीच बोलले, आणि काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आम्ही संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

गाठ थोडी बसली होती. रोवणीच्या दिवसांत माय बांधावर बसून बायकांना ओरडायची, रोप दाट लावू नका म्हणून. धान कापायच्या आधी ती गेली.

तेराव्याला, सगळ्या भावकीसमोर, बाबा मला म्हणाले, "तू तो कागद वाचला नसता तं तिनं साऱ्या सुया घेतल्या असत्या. जगली असती."

त्यांचं खरं असेल का, हे मलाही माहीत नव्हतं. माहीत फक्त त्या डॉक्टरांना असणार होतं. म्हणून मी इस्पितळाला पत्र लिहिलं: ज्यांनी सगळ्या सुया घेतल्या त्या बायकांचं काय झालं? उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं, तिसरं रजिस्टर करून पाठवलं. त्याची पोच तेवढी आली, कोण्या कारकुनाच्या सहीची.

मायचं तोंड सोलून त्यांनी जे काही शिकून घेतलं, ते आम्हाला सांगावं असं तिथं कुणालाच वाटलं नाही. बाबा मरेपर्यंत मलाच दोष देत राहिले, आणि मी त्यांच्या त्या सहीला.