शंकरपाळीला हात लावायचा नाही!

क्लास चालू असताना वाटायचं, कधी सुटतो एकदाचा. आता सरांनी क्लास बंद केला, तर वही उघडली की सर्किटं कमी दिसतात, किस्सेच जास्त.

घाटकोपरला दातार सरांच्या हॉलमध्ये आम्ही डिप्लोमावाले सातजण बसायचो. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "सर्किटचा रेझिस्टन्स काढायचा, तर गोलातले सोर्स बंद करा. पण हा तिरक्या चौकोनातला सोर्स दुसऱ्याच्या करंटवर चालतो. तो तसाच ठेवा."

मी मागून ओरडलो, "सर, शंकरपाळी!"

वाटलं, आता बाहेर काढणार. सर म्हणाले, "करेक्ट! आणि शंकरपाळीला हात लावायचा नाही. जो लावेल, त्याने दुसऱ्या दिवशी डबाभर आणायच्या!"

सगळ्यात जास्त डबे निल्याचे. मढवरून फेरीबोट, मग मेट्रो करून यायचा. या विषयात दोनदा उडालेला. बाबांनी सांगून ठेवलेलं, "आता उडालास तर कायमचा होडीवर!" चौथा डबा भरताना त्याची आई म्हणाली, "मेल्या, इंजिनियर होतोस का हलवाई?"

डबा फिरत सरांपाशी आला, की किचनमधून काकूंचा आवाज, "शंकरपाळीला हात लावायचा नाही!" सरांना शुगर होती ना.

एकदा सर फोनवर होते. मी फळ्यावरचा चौकोन पुसून गोल केला. सरांनी तो बंद केला आणि अर्धा तास घाम गाळला. उत्तर काही जुळेना! दुसऱ्या दिवशी सर स्वतः डबा घेऊन हजर. "चौकोनाच्या जागी गोल काढला. चूक माझी. खा." मी चार खाल्ल्या. खरं काय ते अजून सांगितलेलं नाही.

परीक्षेला निल्याच्या कंपासमध्ये आईने एक शंकरपाळी ठेवलेली. सुपरवायझर मॅडमना वाटलं, चिठ्ठी.

"हे काय?"

"शंकरपाळी, मॅडम."

"मग खाऊन टाक."

"पेपर संपेपर्यंत हात लावायचा नाही, मॅडम!"

निकाल लागला आणि निल्या सुटला! काठावर, पण सुटला. संध्याकाळी त्याची आई मासळीबाजारातून थेट सरांच्या दारात, हातात मोठा डबा. "सर, आज नाही म्हनायचं नाय!"

सरांनी किचनकडे बघितलं. काकू बाहेर आल्या, डबा उघडून सरांसमोर धरला. "एकच हं!"

"अगं, पोरगा तिसऱ्या खेपेला सुटलाय," सर म्हणाले आणि तीन उचलल्या.